असिद्ध

पूर्वेचा वारा तीन दिवस टिकला
की माझ्या फोनला उसंत नसते.

शनिवारी दीपगृहामागच्या काटेरी जाळीत:
विल्फ ऑल्डरसन, दुर्बिणीतून, चाळीस सेकंद.
रविवारी सांडपाण्याच्या टाक्यांच्या कुंपणावर:
ग्रिमशॉ बहिणी. एकीनं पाहिला, दुसरीनं ऐकला.
सोमवारी चार मैल दक्षिणेला,
स्कार्थॉर्पच्या कबरींमध्ये, चिकवीडच्या बिया टिपताना.

एकच पक्षी की तीन?
हे ठरवायचं काम परगण्यानं मला दिलंय,
बिनपगारी, गेली एकोणीस वर्षं.

रोजफिंच.
नावात गुलाब, अंगावर पाकळीएवढाही रंग नाही.
पहिल्या वर्षाचं पोर ते: मातकट,
छातीवर ओल्या पेन्सिलीच्या रेघा,
पंखांवर दोन फिकट पट्ट्या, बस.
चिमणी म्हणून कुणीही सोडून द्यावं.
अन् त्याच्यासाठी लीड्सची माणसं रात्री दोनला निघतात,
थर्मास, सँडविच, बायकोला सांगितलेलं खोटं घेऊन,
आणि पार्किंगमध्ये उभी राहून
रिकाम्या झुडपाकडे बघत बसतात.

पुस्तकात लिहिलंय,
हा पक्षी हिवाळा हिंदुस्थानात काढतो,
ज्वारीच्या कणसांवर, बांबूच्या बनात.
ज्वारी मी पाहिलेली नाही.
पण कुठल्याशा रशियन बर्चच्या रानातून उडताना
याच्या डोक्यातली सुई उलटी फिरली
आणि समोर उन्हाळी शेताऐवजी
हा राखाडी समुद्र आला, हे मला समजतं.
मीही इथे दोन वर्षांसाठी आलो होतो.

मग डोरीन ब्लेंकिनचं पत्र आलं.
कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे, निळ्या शाईत:
“मंगळवार, सकाळी सव्वासात.
कपड्यांच्या दोरीवर, दोन अभ्र्यांच्या मध्ये.
चोच आखूड, जाड, अडकित्त्यासारखी.
एकदाच बोलला, च्यू-ई, शेवटी आवाज वर नेऊन,
काहीतरी विचारल्यासारखा.
चष्मा स्वयंपाकघरात राहिला होता, हे सांगायला हवं.
चेहऱ्यावर ना भुवई, ना रेघ,
त्यामुळे डोळा फार एकटा वाटला.”

हे वाक्य पाहिल्याशिवाय लिहिता येत नाही.
मला ते तेव्हाच कळलं होतं.

पण फोटो नाही. दुसरा साक्षीदार नाही.
वय एक्याऐंशी. चष्मा स्वयंपाकघरात.
समितीत पाच जण, चहा गार, यादी लांब.
मी रकान्यात लिहिलं: असिद्ध.
अक्षर नेहमीसारखंच नीट आलं.

फेब्रुवारीच्या वादळात
तिच्या बागेचे अठरा फूट एका रात्रीत गेले.
आमच्याकडे हे नवं नाही. हा कडा मातीचा आहे,
चर्चं गेली, रस्ते गेले, एक खानावळ गेली
(तिची पाटी अजून कुणाच्यातरी गॅरेजात आहे).
डोरीनला लेकीनं आत बेव्हर्लीला नेलं.
एप्रिलमध्ये मी उगीचच तिथे जाऊन उभा राहिलो.
दोरीचा एक खांब काठावर कलून होता,
दुसरा खांब जिथे असायचा
तिथे हवा होती, आणि खाली लाटा
चहाच्या रंगाच्या.

वहीतले आकडे लावले तर
ती जागा आता काठापासून पाच पावलं पुढे येते.
माझ्या नकाशावर तिथे अजून जमीन आहे.

नोंद पुन्हा उघडायची तर
नवा पुरावा लागतो, नियम सात.
नियम मीच लिहिलाय.
बेव्हर्लीला एक पत्र लिहायला घेतलं,
“प्रिय मिसेस ब्लेंकिन” पाशी थांबलंय.

आज पुन्हा वारा पूर्वेचा. तिसरा दिवस.
सात वाजता फोन:
कॅराव्हॅन तळावरून एक मुलगी, टॅम्सिन, वय नऊ.
“आमच्या पायरीवर चिमणी आलीय,” ती कुजबुजत म्हणाली,
“पण ती चिमणी नाहीये.”
फोटो काढ म्हणायचं होतं.
मोठ्या कुणाला तरी बोलाव म्हणायचं होतं.

“डोळा कसा आहे?” मी विचारलं.

पलीकडे बराच वेळ
नुसता वारा.